सही करून घेतलेली रायफल

डिसेंबरच्या अंकात नौदल दिनानिमित्त मी थोडं लिहिलं होतं. त्यात रात्री गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढायच्या शिडीशी, रायफल घेऊन उभं राहण्याबद्दल एकच परिच्छेद होता, पण पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्याच परिच्छेदावर. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी १९८८ साली ओडिशातल्या चिल्क्याला, नौदलाच्या प्रशिक्षण तळावर, भरती झालो, तोफखान्याच्या शाखेत राहिलो आणि २०१२ साली चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता कळव्याला राहतो. हत्यारं देणं, घेणं, मोजणं आणि पोरांना ती शिकवणं यातच माझी बरीच नोकरी गेली. म्हणून या पत्रांना उत्तर देणं मला माझं कामच वाटतं.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून नौदलात आहे. काम इंजिनरूममधलं आहे असं आम्हाला कळलं होतं. चिल्क्याच्या परेडला त्याच्या हातात रायफल पाहिली तेव्हा वाटलं, परेडपुरती असेल. आता फोनवर म्हणतो, 'आई, काल सेन्ट्री होती, रात्री बारा ते चार.' इंजिनवाल्या पोराला रात्री बंदूक घेऊन का उभं करतात? ती त्याला सतत जवळ बाळगावी लागते का? हा फोन आल्यापासून मला झोप नाही.
— एक आई, कोपरखैरणे

ताई, आधी परेडच्या रायफलीचं सांगतो. ती रिकामी होती. परेडच्या मैदानावर रायफलीत गोळी नसते आणि कुणाच्या खिशातही नसते. ती रायफल कवायतीसाठी असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जहाज समुद्रात असताना तुमचा मुलगा बंदूक घेऊन फिरत नाही, त्याचे सोबतीही फिरत नाहीत. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. पण विचार करा, समुद्रात अख्खी युद्धनौका हेच हत्यार असतं. तोफा, क्षेपणास्त्रं, पाणतीर तिच्या अंगावर असतात आणि प्रत्येक जण तिचा एकेक भाग चालवत असतो. तुमचा मुलगा पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळतो, स्वयंपाकी सगळ्यांच्या जेवणाचं बघतो. अरुंद हॅचमधून उभ्या शिडीवरून दिवसातून पन्नास वेळा वर-खाली करायचं, त्यात खांद्याला रायफल कशी जमेल? शिवाय जहाजाच्या आत चारी बाजूंनी पोलाद. चुकून सुटलेली गोळी भिंतीत रुतत नाही, आपटून परत येते. आणि त्या भिंतींवर तेलाचे पाईप, विजेच्या केबली. म्हणून लहान हत्यारं आर्मरीत, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, कुलुपात आणि दारूगोळा वेगळ्या कोठारात. त्या कोठाराला मॅगझीन म्हणतात आणि तिथलं तापमान रोज मोजून वहीत लिहिलं जातं. त्या वहीत एक दिवस कोरा राहिला तर काय बोलणी बसतात ते मी खाल्लेलं आहे.

रायफल बाहेर निघते ती जहाज धक्क्याला लागलं किंवा नांगर टाकून उभं राहिलं की. कारण बंदरात जहाज फार दुबळं असतं. इंजिन थंड, निम्मी माणसं लिबर्टीवर, म्हणजे सुट्टी घेऊन किनाऱ्यावर. शेजारून टग जाते, पाण्याचा बार्ज येऊन लागतो, दुरुस्तीची माणसं पिशव्या घेऊन चढतात. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात अमेरिकेची यूएसएस कोल ही विनाशिका तेल भरायला थांबली होती. एक लहान बोट शांतपणे तिच्या कुशीला येऊन लागली आणि तिच्यातल्या स्फोटकांनी जहाजाला भगदाड पाडलं. १७ नौसैनिक गेले. त्या विनाशिकेची क्षेपणास्त्रं शेकडो किलोमीटरचा पल्ला गाठणारी होती. दहा फुटांवर आलेल्या बोटीपुढे ती काय करणार? तिथे डेकवर डोळे उघडे ठेवून उभा असलेला माणूसच लागतो, आणि त्याच्या हातात काहीतरी असावं लागतं.

हा पहारा पाळीने येतो. पाळी कुणाची शाखा बघत नाही. इंजिनवाला, बिनतारीवाला, स्टोअरवाला, जो त्या दिवशीच्या ड्यूटी पार्टमध्ये, म्हणजे कामावरच्या गटात असेल त्याची वेळ लागते. किनाऱ्यावरच्या तळांच्या फाटकांवर डीएससीचे (डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे) जवान असतात, म्हणजे बहुतेक फौजेतून निवृत्त होऊन पुन्हा वर्दी घातलेले. जहाजाचा पहारा मात्र जहाजाच्याच पोरांचा. रात्री बारा ते चारला आमच्यात मिडल वॉच म्हणतात. सगळ्यात जड पाळी ती. झोप डोळ्यांत भरलेली असते आणि पहाऱ्यावर झोपणं हा नेव्ही ॲक्ट, १९५७ प्रमाणे गुन्हा आहे.

त्याला रायफल मिळते कशी तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला धीर येईल. रजिस्टरमध्ये रायफलीचा नंबर, गोळ्यांचा आकडा, वेळ आणि त्याची सही. किती गोळ्या ते मी लिहीत नाही. चार तासांनी पुढच्या सेन्ट्रीला देताना पुन्हा मोजणी, पुन्हा सही. म्हणजे ती रायफल चार तास त्याच्या नावावर असते. ती त्याची कधीच होत नाही. कुणी अनोळखी आलं तर आधी हटकायचं, 'थम, कौन आता है?' मग गँगवे सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टरला कळवायचं, तो ड्यूटी ऑफिसरला कळवणार. गोळी झाडणं फार पुढची गोष्ट आहे. पहारे देत आणि पुढे पहारे लावत माझी चोवीस वर्षं गेली, पण पहाऱ्यावर मला एकदाही गोळी झाडावी लागली नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं तेच.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. १९९३ सालची गोष्ट, जहाजाचं नाव घेत नाही. तेव्हा आमच्या हातात एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल होती, भरल्यावर पाच किलोच्या आसपास. माझा एक सोबती मिडल वॉच संपवून रायफल जमा करायला आला. अंगात ताप होता आणि तो त्याने कुणाला सांगितला नव्हता. रिकामी करायचा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझीन काढायचं (हे मॅगझीन म्हणजे कोठार नव्हे, रायफलीला लावलेली गोळ्यांची पेटी), मग कॉक करायचं, म्हणजे खटका मागे ओढायचा, मग आत डोकावून बघायचं. त्याने आधी कॉक केलं आणि मग मॅगझीन काढलं. एवढीच अदलाबदल. मॅगझीन हातात आलं म्हणून त्याला रायफल रिकामी वाटली, पण एक गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला, जाऊन बसली होती. त्याने ट्रिगर दाबला. नळी वाळूच्या पेटीत होती म्हणून आम्ही तिघं शाबूत राहिलो. मी टॉर्च धरून उभा होतो, दोन दिवस मला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. चौकशी झाली, त्याला शिक्षा झाली. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा प्रत्येक तुकडीला तो क्रम इतक्या वेळा म्हणायला लावायचो की पोरं वैतागायची. तुमच्या मुलालाही असा एखादा चीफ भेटला असेल. मुलगा फोनवर त्याच्याबद्दल कुरकुरला तर तुम्ही मनात त्या चीफला आशीर्वाद द्या.

आणि ताई, तुमच्या पत्रातलं जहाजाचं आणि धक्क्याचं नाव मी गाळलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवरही ते टाकू नका. नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले ते उगाच नाही. झोप येत नसेल तेव्हा एवढं आठवा, की त्या चार तासांत जहाजावर झोपलेल्या सगळ्यांच्या आया तुमच्या मुलाच्या भरवशावर आहेत.

मुलींनाही हा पहारा असतो का? आणि रायफल फक्त पहाऱ्यासाठीच वापरतात का?
— बारावीची विद्यार्थिनी, घणसोली

असतो. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिल्क्याहून बाहेर पडली, तीत २७२ मुली होत्या. ती परेड सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात झाली. रायफल तीच, क्रम तोच, वजनात सूट नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने मला माझं आवडतं काम आठवलं. भर समुद्रात तेलवाहू जहाजाकडून इंधन घ्यायचं असतं तेव्हा दोन्ही जहाजं चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून एकाच वेगाने शेजारी शेजारी चालतात. थांबायचं नाही. मग पहिला दोर पलीकडे जाणार कसा? रायफलीने. खास काडतूस भरून एक पातळ दोरी बांधलेला दांडा पलीकडच्या जहाजावरून पार होईल असा झाडतात. त्याआधी शिट्टी होते, लाऊडस्पीकरवर पुकारा होतो आणि दोन्हीकडची माणसं आडोशाला जातात. दोरी पडली की धावत जाऊन ती धरायची, तिच्यामागे जाड दोर, त्याच्यामागे तारेचा दोर आणि शेवटी तेलाचा होज. मी पहिल्यांदा झाडली तेव्हा वारा आडवा होता आणि दोरी सरळ पाण्यात गेली. दुसऱ्या वेळी वाऱ्याच्या बाजूला थोडं जास्त धरलं आणि ती बरोबर त्यांच्या डेकवर आडवी पडली. पलीकडून हात वर झाले. ज्या नेमाने कुणालाच इजा होत नाही असा नेम साधल्याचा आनंद मोठा असतो, पोरी.

आमचं घर चेंदणी कोळीवाड्यातलं, मामांची बोट करंजाला. मी हंगामात त्यांच्याबरोबर जातो. एकदा समुद्रात नेव्हीच्या बोटीने थांबवलं, चौघं हत्यारं घेऊन चढले, बर्फाची पेटीसुद्धा उपसली. मामांचं सगळं आयुष्य या पाण्यावर गेलं. आम्ही चोर आहोत का?
— चेंदणी, ठाणे पूर्व

नाही दादा. चोर नाही आणि तुमचा राग खरा आहे. ज्याच्या घरात शिरतात त्याला राग येणारच, आणि बोट हे तुमचं घर आहे. म्हणून तुम्हाला त्या चौघांच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. मी त्यांच्यातलाच एक होतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहा जण पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी बोटीवरून आले. बोटीचे खलाशी त्यांनी आधी मारले, तांडेलाकडून बोट मुंबईपर्यंत आणवली आणि शेवटी त्यालाही मारलं. मग रबरी होडीतून बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथे त्यांना 'तुम्ही कोण, कुठून आलात' असं विचारणारे कोळीच होते. म्हणजे सगळ्यात पहिला पहारा तुमच्या माणसांनी दिला, हातात काही नसताना. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली आणि सागर प्रहरी बल उभं राहिलं, १००० माणसं आणि ८० वेगवान बोटी. तळाजवळच्या पाण्यात त्यांची गस्त असते. बोट तपासताना हत्यार लागतं, कारण 'कुबेर'सुद्धा दुरून तुमच्या मामांच्या बोटीसारखीच दिसत होती. चढणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं. खरं सांगू? त्या क्षणी त्याच्याही पोटात गोळा असतो. आपली बोट हेलकावते आहे, समोरची वेगळ्या लयीत हेलकावते आहे, मधल्या फटीत पाय अडकला तर पाय गेला. एका हाताने कठडा धरायचा, म्हणून रायफल पाठीला किंवा छातीला आवळलेली. चढलेल्यांतले दोघंच बोलतात आणि कागद बघतात. बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं असतं, नळी खाली, बोट ट्रिगरपासून लांब. बर्फाची पेटी उपसतात, कारण काही लपवायचंच असेल तर बर्फाखालची जागा सगळ्यात सोयीची.

मी २०१० मध्ये एडनच्या आखातात होतो. सोमाली चाच्यांविरुद्ध आपल्या नौदलाची गस्त तिथे ऑक्टोबर २००८ पासून सुरू झालेली होती. तिथे समुद्रातही डेकवर हत्यारी पहारा असे. एका लहान होडीतले लोक म्हणाले, आम्ही मासे पकडतो. जाळं होतं, पण कोरडं. आणि तळाशी एक लांब शिडी, वरच्या टोकाला आकडे वळवलेली. मासे पकडायला शिडी कशाला लागते? तुम्ही कोळी, तुम्हाला हे एका नजरेत कळलं असतं. गोळी एकही झाडली नाही, शिडी आणि हत्यारं काढून घेतली. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, नौदलाने आणि तटरक्षक दलाने पश्चिम समुद्रात शंभराहून जास्त चाचे पकडले. त्यांना इथे तळोजा तुरुंगात ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाल्या. मार्च २०२४ मध्ये पळवलेल्या 'रुएन' जहाजावरचे ३५ चाचे आयएनएस कोलकाताने मुंबईत आणले आणि त्या जहाजाचे १७ खलाशी सुखरूप सुटले.

उलटी बाजूही लिहितो. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौदलाच्या सैनिकांनी 'सेंट अँटनी' बोटीवर गोळ्या झाडल्या. त्यांना ते चाचे वाटले. दोन मच्छीमार गेले. खटला देशोदेशी फिरला, १० कोटींची भरपाई आली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. गोळीबार झाला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, मी निवृत्त होत होतो. माझ्या शेवटच्या तुकडीला मी तीच बातमी वाचून दाखवली. दुरून मच्छीमार आणि चाचा सारखेच दिसतात, म्हणून आधी हाक, मग इशारा, मग जवळ जाऊन बघणं. ही पायरी ज्याने ओलांडली त्याच्या हातात हत्यार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडून एवढं करा. थांबवलं की इंजिन न्यूट्रल, सगळी माणसं डेकवर दिसतील अशी, हातातला कोयता खाली, बोटीचे कागद आणि ओळखपत्रं एका पिशवीत तयार. आणि त्यांच्यापैकी कुणी छातीवर नळी रोखून शिवीगाळ केली तर तारीख, वेळ आणि बोटीचा नंबर लिहून घ्या आणि मच्छीमार सोसायटीमार्फत लेखी तक्रार द्या. गप्प बसू नका. मामांना माझा नमस्कार सांगा.

पंधरा वर्षांची नोकरी करून नौदलातून निवृत्त झालो. कॅश व्हॅनवर गार्डची नोकरी मिळते आहे, पण स्वतःच्या परवान्याची बंदूक आण म्हणतात. माजी सैनिक म्हणून परवाना आपोआप मिळतो का?
— ऐरोली

नाही. वर्दी उतरली की आपण आर्म्स ॲक्ट, १९५९ पुढे बाकी नागरिकांसारखेच. तुमचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात जाईल. डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा, हत्याराचं शिक्षण झाल्याचा तो पुरावा आहे, पण मंजुरी त्यांच्या हातात. कारण खरं लिहा, नोकरीसाठी हवी तर नोकरीसाठी. परवाना मिळायच्या आधी उसने पैसे काढून बंदुकीची रक्कम कुणाला देऊ नका. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, बिनहत्याराच्या नोकऱ्याही तिथे कळतात. तुमच्या घरी लहान मुलं आहेत असं पत्रात लिहिलं आहे. मी तुमच्या जागी असतो तर त्या दुसऱ्या नोकऱ्या आधी बघितल्या असत्या. जहाजावर आपल्याकडे आर्मरी होती, दोन खोल्यांच्या घरात ती नसते.

गावात एका जवानाच्या अंत्यविधीला हवेत गोळ्या झाडल्या. त्या खऱ्या असतात का? आणि नंतर ते सैनिक जमिनीवर काय वेचत होते?
— शहापूर

त्या काडतुसांत दारू असते, पुढे शिशाची गोळी नसते. आवाज होतो, धूर होतो, लागत काही नाही. त्यांना ब्लँक म्हणतात. तीन फैरी झाडतात. त्याआधी 'शोक शस्त्र' हा हुकूम होतो, रायफलीची नळी खाली जमिनीकडे आणि मान झुकवलेली.

आणि ते वेचत होते त्या रिकाम्या पुंगळ्या. ब्लँक असली तरी जेवढी काडतुसं सही करून आणली तेवढ्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात.

तुमच्याच तालुक्यात, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, मी अशी तुकडी घेऊन आलो होतो. आमचा एक पेटी ऑफिसर आजाराने गेला होता. पावसाचे दिवस, चिखल, स्मशान ओढ्याकाठी. फैरी झाल्या, अग्नी दिला, लोक पांगायला लागले. आम्ही गवतात पुंगळ्या शोधायला लागलो. एक कमी भरली. पुन्हा शोधलं, चिखलात बोटं घालून शोधलं. मग माझं लक्ष गेलं, त्याचा मुलगा, सात-आठ वर्षांचा, आजोबांच्या शेजारी उभा होता आणि त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. काय बोलावं सुचेना. आजोबा म्हणाले, 'साहेब, राहू द्या की.' मी म्हणालो, 'बाबा, ती मोजून आणली आहे.' मुलाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'माझे बाबा पण मोजून परत द्यायचे?' मी हो म्हणालो. त्याचे वडील माझ्याच हाताखाली आर्मरीत होते, ते रजिस्टर त्यांच्याच अक्षरात असायचं. त्याने मूठ उघडली आणि पुंगळी माझ्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती, त्याच्या हाताने.

रात्री मुंबईला पोचल्यावर जमा केली. आकडा जुळला. सही मी केली.